शेगडीतली डिक्शनरी

स्टिलहाउस खोरं, केंटकी
७ सप्टेंबर १९८६

ट्वायला,

तुझं पोचल्याचं कार्ड मिळालं. चार ओळी, त्यात दोन चुका. पुढच्या वेळी पत्र लिही, कार्ड नको.

आता नीट ऐक. वर्गात पहिल्या रांगेत बसायचं. खोऱ्यातली मुलं मागे बसतात आणि मागेच राहतात. प्राध्यापकांच्या दारावर भेटायच्या वेळा लिहिलेल्या असतात, त्या शोभेला नसतात. आत जायचं, खुर्चीत बसायचं आणि जे कळलं नाही ते विचारायचं. तुझ्या बोलण्याला कुणी हसलं तर हसू दे, उगीच त्यांच्यासारखं नाकात बोलायला जाऊ नकोस, ते आणखी वाईट दिसतं. पांढरे कपडे वेगळे धुवायचे. आणि नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगची सुट्टी लागेपर्यंत घरी यायचं नाही म्हणजे नाही. माझ्या शनिवारच्या वर्गातून बारा वर्षांत एकोणीस मुलं कॉलेजला गेली. त्यांतली अकरा पहिल्याच ऑक्टोबरात परत आली. कुणी हरणांच्या शिकारीसाठी, कुणी आजीच्या हातच्या घेवड्यासाठी. आली ती आलीच, पुन्हा गेली नाहीत.

तुझे डॅडी खाणीतून सुटले की अंघोळ करून माझ्या ओसरीवर येतात. कार्ड मी त्यांना तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा म्हणाले, "मिस ऑर्फा, मधली ओळ पुन्हा वाचा." मधली ओळ इथे पाऊस आहे अशी होती.

यंदा वर्गाला आठ मुलं आहेत. तुझं नाव घेतलं की सरळ बसतात. तेव्हा पाय रोवून राहा.

तुझी
ऑर्फा साइझमोर


५ ऑक्टोबर १९८६

प्रिय मिस ऑर्फा,

पहिल्या रांगेत बसते. पहिल्या रांगेत मी एकटीच असते. इतिहासाच्या पहिल्या पेपरात सी मिळाला. मी दाराच्या आत गेले, खुर्चीत बसले, विचारलं. प्राध्यापक म्हणाले, तू सगळं पाठ केलंस, पण तुला स्वतःला काय वाटतं ते कुठेच नाही. आपल्या शाळेत हे कुणी कधी विचारलं नव्हतं, मिस ऑर्फा. मी खोलीवर येऊन रडले आणि मग पुन्हा लिहिलं. बी मिळाला. जेवण पोटभर असतं, पण कशालाच चव नाही. मक्याच्या पावात साखर घालतात!

डॅडींना एवढंच वाचून दाखवा. पुढचं पान त्यांच्यासाठी नाही.

प्रवेशाच्या ऑफिसातले मिस्टर प्रेंटिस भेटले होते. नवीन मुलांसाठी ते एक पुस्तिका छापताहेत, तिच्यात माझा प्रवेशाचा निबंध घालणार आहेत, फोटोसकट. मी हो म्हटलं. नाही कसं म्हणायचं ते तुम्ही शिकवलं नव्हतं. एक प्रत घरी पाठवणार म्हणाले.

तुम्हाला आठवतंय ना निबंधात काय आहे? माझ्या पहिल्या मसुद्यात खरं होतं. संपाच्या हिवाळ्यात मी नऊ वर्षांची होते, घरात कोळसा नव्हता, थंडीला आणि शाळेतल्या टोमण्यांना वैतागून मी स्वतः माझी पुस्तकं शेगडीत घातली होती. डॅडी बाहेरून आले आणि त्यांनी जळत्या शेगडीत हात घालून डिक्शनरी बाहेर काढली. त्यांची दोन बोटं अजून वळत नाहीत. तुम्ही लाल पेन्सिल घेतलीत आणि पुस्तकं जाळणारे डॅडी झाले, हात घालणारी मी.

माझ्या खोलीतल्या मुलीने, मेरेडिथने, परवा निबंध वाचला आणि माझे हात हातात घेऊन बघितले. "कुठला हात गं?" म्हणाली. मी म्हटलं, लहानपणचं आहे, गेलं. आता मी हात खिशात ठेवते.

ट्वायला


१४ ऑक्टोबर १९८६

ट्वायला,

उगाच जीव टांगणीला लावू नकोस. तुझ्या डॅडींना वाचता येत नाही. त्यांच्या घरी येणारा प्रत्येक कागद माझ्याकडे येतो, विजेच्या बिलापासून. पुस्तिका येईल, ते ती घेऊन माझ्या ओसरीवर येतील, मी फोटो दाखवीन आणि वाचताना जे वाचायचं ते वाचीन. संपला विषय.

आणि मला शहाणपण शिकवू नकोस. तुझा पहिला मसुदा चांगला होता. चांगल्या मसुद्यांची माझ्याकडे पेटी भरली आहे आणि ते लिहिणारी मुलं लाकडाच्या गिरणीत आहेत. त्या लोकांना खोऱ्यातला चांगला बाप नको असतो. त्यांना आपल्यातून पळून आलेली मुलगी हवी असते, म्हणजे त्यांना दार उघडल्याचं पुण्य लागतं. हे मी तयार केलेलं नाही. मी फक्त दार कुठल्या बाजूला उघडतं ते बघितलं आणि तुला त्या बाजूला उभं केलं. मला त्याची लाज वाटत नाही.

इतिहासात बी मिळाला हे डॅडींना सांगितलं. "ए च्या पुढचं अक्षर ना?" म्हणाले. म्हटलं, हो, अगदी पुढचंच. खूश होऊन गेले.

ऑर्फा साइझमोर


१७ नोव्हेंबर १९८६

ट्वायला,

थँक्सगिव्हिंगला ये असं मीच म्हटलं होतं, पण मला वाटतं तू तिथेच थांबावंस. घाटात रस्ता खचला आहे, बस कुठून फिरवतील नेम नाही. परीक्षाही जवळ आली. मेरेडिथने तिच्या घरी बोलावलं असेल तर जा, मोठ्या घरी टेबलावर कसं बसतात तेही कळेल. डॅडींची प्रकृती बरी आहे. मी बोलले त्यांच्याशी. काळजी नसावी.

ऑर्फा साइझमोर


२५ नोव्हेंबर १९८६

मिस ऑर्फा,

रस्ता खचलेला नाही. मी खोऱ्यातल्या दुकानात फोन केला. दुकानातल्या व्हर्डी मलिन्सला म्हटलं, डॅडींना बोलवा. ती म्हणाली, "आता कशाला बोलतेस त्याच्याशी पोरी, तू सुटलीस हेच बरं झालं. आम्हाला इतकी वर्षं कळलं नाही बघ." आणि फोन ठेवून दिला.

काय कळलं नाही? मला सगळं लिहा. लाल पेन्सिल न लावता.

ट्वायला


२ डिसेंबर १९८६

ट्वायला,

लिहिते. तीन कागद फाडून झाले.

पुस्तिका शनिवारी, आठ तारखेला आली. तुझे डॅडी होबार्ट ती माझ्याकडे घेऊन येतील असं मी धरून चालले होते. ते न्हाव्याकडे गेले. तुझ्या आईच्या मातीला घातलेला कोट त्यांनी इस्त्री केला, आणि रविवारी चर्चमध्ये पुस्तिका कोटाच्या आत छातीशी धरून आले. मला वाटलं कोट तंग होतोय.

ज्याला देवाच्या कृपेची साक्ष द्यायची त्याने उठून बोलायची वेळ आली तेव्हा ते उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. म्हणाले, "माझी पोरगी छापून आलीय. ब्रदर एनॉस, तुम्ही सगळ्यांना वाचून दाखवा. मला वाचता येत नाही, पण फोटो तिचाच आहे, तेवढं मी ओळखलं." लोक हसले. चांगलं हसले, प्रेमानं. तेव्हाच उठून मी पुस्तिका हातात घ्यायला हवी होती. मी वाचते म्हणायला हवं होतं. मी हातातलं गाण्यांचं पुस्तक चाळत बसले.

ब्रदर एनॉस प्रवचनाच्या जागेवरून मोठ्याने वाचायला लागले. डोंगर, शाळा, संप, सगळं ठीक चाललं होतं. मग आलं, "त्या हिवाळ्यात माझ्या वडिलांनी माझी पुस्तकं एकेक करून शेगडीत घातली. म्हणाले, मुलीच्या जातीला पुस्तकं कशाला?" एनॉस थांबले.

"थांबलात का?" होबार्ट म्हणाले. "वाचा ना."

"होबार्ट, पुढचं घरी वाचू या."

"नाही. सगळं वाचा. तिनं सगळं लिहिलंय ना?"

एनॉसनी वाचलं. तू निखाऱ्यात हात घातलास तेही वाचलं. शेवटी व्हर्डी म्हणाली, "होबार्ट, असं केलंस तू? आई नसलेल्या पोरीला?"

होबार्टनी एनॉसच्या हातातल्या कागदाकडे बघितलं. "असंच छापलंय?"

"असंच."

"कॉलेजनं छापलंय?"

"हो."

"मग तसंच," ते म्हणाले. "मीच घातली पुस्तकं. हातही तेव्हाच भाजला, आत कोंबताना." आणि खाली बसले.

तो हात तव्याने भाजला असं त्यांनी नऊ वर्षं सगळ्यांना सांगितलं होतं. पुस्तकं तू जाळलीस हे कुणाला कळू नये म्हणून. खरं काय ते माहीत असलेली त्या चर्चमध्ये मी एकटीच होते, आणि मी मूग गिळून बसले.

बाहेर पायऱ्यांवर त्यांनी मला गाठलं. टोपी हातात घेऊन हळूच विचारलं, "मिस ऑर्फा, मुलीनं काही खोटं लिहिलं असं कळलं तर कॉलेज काढून टाकतं का?" मी म्हटलं, काढू शकतात. त्यांनी मान हलवली. "मग कुणाला कळायला नको."

तेव्हापासून माझ्या ओसरीवर आले नाहीत. चर्चमध्येही नाहीत. लोक त्यांच्याशी बोलत नाहीत, आणि टोमणे मारायला व्हर्डी आहेच.

तू विचारशील म्हणून सांगते. निबंधात माझा हात होता हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

ऑर्फा साइझमोर


८ डिसेंबर १९८६

मिस ऑर्फा,

तुमचं पत्र मी जेवणघरात वाचलं आणि ताट तसंच ठेवून उठले.

त्यांना वाटतंय ते मी लिहिलं. आणि त्यात खोटं काही नाही, मीच लिहिलं. पेन्सिल तुमची होती, पण शुद्ध प्रत माझ्या अक्षरात आहे, खाली सही माझी आहे. लिहिताना मला माहीत होतं. मला इथे यायचं होतं. तुम्ही म्हणालात कुणाला कळणार नाही आणि मी ते लगेच मानलं, कारण मला मानायचंच होतं. हे मी माझ्या पदरी घेते. तुमचं तुम्ही घ्या.

येत्या रविवारी चर्चमध्ये उभ्या राहा आणि सगळ्यांसमोर सांगा. बारा वर्षं आम्हाला काय सांगत होता? न घाबरता हात वर करायचा, ऐकू येईल असं बोलायचं, उत्तर माहीत असताना गप्प बसायचं नाही. हेच तुमच्या शनिवारच्या वर्गात पहिल्या दिवशी फळ्यावर असतं.

मी इकडे ऑफिसात जाऊन सांगणार आहे. काढलं तर काढलं.

ट्वायला


१६ डिसेंबर १९८६

ट्वायला,

सांगितलं.

साक्षीच्या वेळी उभी राहिले. होबार्टना मी निरोप पाठवला होता, म्हणून ते आले होते, अगदी मागच्या बाकावर. मी म्हटलं, तो निबंध मी बदलला. पुस्तकं होबार्टनी जाळली नाहीत, वाचवली. खोटं आहे ते माझं आहे. पोरीचं नाही, बापाचं तर नाहीच.

मी वाट बघत होते की कुणीतरी ओरडेल माझ्यावर. कुणी ओरडलं नाही. व्हर्डी उठली आणि तिने माझे खांदे धरले. "सिस्टर ऑर्फा, तुझं मन मोठं आहे," म्हणाली. "शेजाऱ्याच्या पापावर पांघरूण घालायला इतकं कोण करतं? पण तो स्वतः कबूल झालाय गं." ब्रदर एनॉसही मान हलवत होते. मी म्हटलं, अहो, मी खरं सांगतेय. तर म्हणाले, परमेश्वराला तुमचा हेतू कळतो. मग मी होबार्टना हाक मारली. सांगा त्यांना, म्हटलं.

ते उठले. "मिस ऑर्फा चांगल्या आहेत," म्हणाले. "पण मी बोललो ते बोललो." आणि दार उघडून निघून गेले.

आयुष्यात एकदा खरं बोलायला उभी राहिले आणि त्याचं मला कौतुक मिळालं. याहून मोठी शिक्षा तुला सुचली नसती.

आणखी एक, तेही सांगून टाकते. यंदाच्या आठ मुलांचे निबंध काल आले. मी पेन्सिल हातात घेतलीच नव्हती, विषयही दिला नव्हता. आठातल्या सहा निबंधांत शेगडी आहे. पुस्तिका त्यांनी दुकानातून मिळवली, सगळ्यांकडे फिरली. कार्ल फ्युगेटचा बाप तर स्वतः माझ्याकडे आला. म्हणाला, "माझ्या नावावर काय घालायचं ते घाला मिस ऑर्फा. होबार्टनं घेतलं ना अंगावर? मी दारू पीत नाही, पण लिहा पितो म्हणून."

मी निबंध परत केले आणि शनिवारचा वर्ग बंद केला. मुलं दार वाजवून गेली. ते बरोबर केलं की नाही, मला कळत नाही.

ऑर्फा साइझमोर


स्टिलहाउस खोरं
४ जानेवारी १९८७

मिस ऑर्फा,

तुमच्या घरापासून दोन मैलांवर बसून हे लिहिते आहे. मी पंधरा दिवस इथे आहे आणि तुमच्याकडे आले नाही, हे तुम्हाला कळलं असेलच. उद्या बस आहे.

निघायच्या आदल्या दिवशी मी मिस्टर प्रेंटिसकडे गेले. उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि हसले. वाईट हसले नाहीत. म्हणाले, "मुलं थोडंफार रंगवतातच. तुझा प्रवेश गणिताच्या गुणांवर आणि तुझ्या शिक्षिकेच्या शिफारसपत्रावर झाला. निबंध आम्ही नंतर वाचला, पुस्तिकेसाठी काही चांगलं मिळतंय का ते बघताना."

गणित, मिस ऑर्फा. आणि तुमचं ते पत्र, ज्यात तुम्ही म्हणे माझ्याबद्दल सगळं खरं लिहिलं होतं.

मग म्हणाले, एप्रिलमध्ये देणगीदारांचं जेवण आहे, तिथे तू हा निबंध वाचावास अशी सगळ्यांची इच्छा आहे. मी म्हटलं, आत्ताच सांगितलं ना खोटा आहे. तर म्हणाले, "भावना खरी आहे ना?"

बसमध्ये सगळा रस्ता मी एकच ठरवत आले. घरात शिरल्या शिरल्या डॅडींना सांगायचं की भीती संपली, कुणी मला काढत नाही, कधीच काढणार नव्हते, उद्या चर्चमध्ये जाऊन खरं सांगून टाका.

डॅडींनी सफरचंदं परतून ठेवली होती. मक्याचा पाव केला होता, बिनसाखरेचा. जेवण झाल्यावर त्यांनी फळीवरून पुस्तिका काढली. तिच्या शेजारीच ती डिक्शनरी असते, एका बाजूने काळी. "वाच," म्हणाले.

मी वाचलं. माझा पहिला मसुदा मला पाठ आहे, तो वाचला. पुस्तकं मी घातली, हात डॅडींनी घातला. डॅडी शेवटपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, "असं नाही छापलेलं. छापलंय तसं वाच. कुणी विचारलं तर गोंधळशील."

मी म्हटलं, डॅडी, मला माफ करा. ते म्हणाले, "त्यात काय. कॉलेजनं काय म्हटलं, खूश आहेत?" मी सांगायला तोंड उघडलं आणि आधी ते जेवणाचं सांगितलं गेलं, एप्रिलचं. त्यांचा चेहरा असा उजळला की मी पुढचं विसरले.

"मोठ्या लोकांसमोर?" म्हणाले. "म्हणजे चाललंय. बघ ट्वायला, मला तुझं एक पुस्तक वाचता येत नाही. फी तुझी तू मिळवलीस. मिस ऑर्फानं शिकवलं. तुझ्या कॉलेजसाठी मी काय केलं? आता हे एक करतोय. मी तोंड उघडत नाही तोवर तुला तिथून कुणी हलवू शकत नाही."

आता सांगा, मी काय सांगायचं होतं? की डॅडी, याचा काही उपयोग नव्हता? तुम्ही चर्च सोडलं, शेजार सोडला, व्हर्डीची बोलणी खाल्ली, आणि त्या माणसाने चष्मा पुसला?

मी सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका. ते एक तरी त्यांच्याकडे राहू दे. आणि वर्ग उघडा. कार्लच्या बापाला सांगा, गणित कर म्हणावं पोराला.

माझी पत्रं यापुढे ब्रदर एनॉस वाचून दाखवतील. त्यांत यातलं काही नसेल.

काल डॅडींनी मला शेगडीसमोर बसवलं. "कुणी विचारलं तर सांगता यायला हवं," म्हणाले. "हात बघायला मागितला तर म्हणायचं, लहानपणचं भाजलेलं भरून येतं. आणि कसं वाटलं विचारलं तर दुखलं म्हणू नकोस. सगळे तेच म्हणतात. लगेच दुखत नाही. आधी हातावरचे केस जळल्याचा वास येतो. मग बोटं आपली नाहीतच असं वाटतं. दुखतं ते नंतर, पुस्तक खाली ठेवल्यावर." बोलताना ते आपला हात उलटासुलटा करून बघत होते. "म्हण बघू."

मी म्हटलं, आधी केस जळल्याचा वास येतो.

"पुढे?"

मग बोटं आपली नाहीतच असं वाटतं.

"शाबास," डॅडी म्हणाले. "पुन्हा एकदा."

ट्वायला